कपाशीचे शेजारी

शाळेंत असतांना मी मुलांना सांगत असें कीं, झाड मुकें असतें. तें हलत नाहीं, बोलत नाहीं, पुढें येईल तें निमूटपणें सोसतें. आज तें विधान मला मागें घ्यावयाचें आहे, आणि त्यासाठीं आपल्या वऱ्हाडच्या कपाशीची साक्ष पुरेशी आहे.

अकोला-अमरावतीकडील काळी जमीन पावसांत फुगते व उन्हांत भेगाळते. देशी कपाशीचें सोटमूळ तींत खोल उतरतें आणि पावसानें ओढ दिली तरी खालची ओल गांठतें. मुळांशीं राहणारी बुरशी तिला स्फुरद मिळवून देते व मोबदल्यांत साखर घेते. ओळींत तूर पेरली, तर तिच्या मुळांवरील गांठींतले सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र बांधतात.

आतां पान उलटून पहा. बहुतेक वाणांत मधल्या शिरेवर एक बारीक खळगी दिसेल. तींतून गोड रस पाझरतो. त्या रसाला मुंग्या येतात आणि किडींचीं अंडीं व लहान अळ्या फस्त करतात. अळीनें पान कुरतडलें कीं झाड एक विशिष्ट गंध सोडतें, न कुरतडलेल्या पानांतूनहि! त्या गंधाचा माग काढीत बारीक गांधीलमाश्या येतात व अळीच्या अंगांत आपलीं अंडीं घालतात. याला मुकें कसें म्हणावें?

हें जाणण्याचें महत्त्व काय? सरसकट फवारणी केली म्हणजे अळीबरोबर हे राखणदारहि मरतात. २००२ सालीं बोंडअळीचें विष स्वतःच्या अंगीं बाळगणारी बीटी कपाशी देशांत आली, आणि चिंता मिटली असें पुष्कळांस वाटलें. परंतु गुलाबी बोंडअळी मुख्यत्वेंकरून कपाशीवरच जगते. ओलिताच्या जोरावर फरदड घेऊन आपण तिला उन्हाळ्यापर्यंत अन्न पुरविलें. पिढ्यामागून पिढ्या, तें विष पचविणाऱ्या अळ्याच मागें उरल्या, आणि २०१७ च्या हंगामांत वऱ्हाडांतील बोंडें पोखरलीं गेलीं. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी व मजूर प्राणांस मुकले.

उपाय अवघड नाहींत. डिसेंबरअखेर हंगाम आटोपून पऱ्हाट्या उपटाव्या, फरदड टाळावी, कामगंध सापळे लावून कीड मोजावी आणि गरज दिसली तरच फवारावें.

आपल्या अंगावरील सुती वस्त्रामागें इतक्या शेजाऱ्यांचे श्रम आहेत. घरांतील मुलांना शेतावर नेऊन कपाशीचें एक पान उलटून दाखवा. तेवढें केलेंत, तर माझ्या जुन्या धड्याची दुरुस्ती झाली असें मी समजेन.