रायतूरचे गुरुविद्यालय

गोव्यातील साष्टी प्रांतात, जुवारी नदीच्या काठी, रायतूरचे गुरुविद्यालय उभे आहे. १६०६ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी त्याचा पाया घातला. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण येथेच प्रथम छापले गेले. ओव्या मराठी, परंतु नागरी खिळ्यांअभावी अक्षरे रोमन! १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने येशूसंघीयांना हद्दपार केले, तरी विद्यालय मिटले नाही. पुढे ते धर्मप्रांताकडे आले.

आजही येथे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून तरुण गुरुदीक्षेस सिद्ध होतात. मुलगा सेमिनरीत जातो म्हणताच आईचे डोळे का भरतात, हे आम्ही जाणतो. शेतावर दोन हात कमी पडतात, हेही खरे. फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले, ते इंग्लंडातील आपल्या घरी पुन्हा कधी परतले नाहीत. त्यांच्या ओव्या मात्र उपवासकाळात गोव्याच्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या गायिल्या गेल्या.