चामड्याच्या जाकिटाचा रंग आणि आपले कपडे

चामड्याचें जाकीट ही आपल्याकडे पूर्वीं फार थोड्यांच्या अंगावर दिसणारी वस्तु होती. आतां मोटारसायकलीवरून कॉलेजांत किंवा ऑफिसांत जाणारें कोणी घरांत असलें म्हणजे एखादें तरी जाकीट खुंटीवर लोंबत असतेंच. मुंबईकरांच्या घरीं तें बहुधा धारावीच्या बाजारांतून येतें. तें आल्यावर कांहीं दिवसांनीं सदऱ्याच्या कॉलरवर आणि बाह्यांच्या कडांवर काळसर छटा दिसूं लागते, आणि मग ज्याला जो उपाय आठवेल तो त्या सदऱ्यावर सुरू होतो. या छटेविषयीं आज बोलावयाचें आहे. पण आधीं माझी स्वतःची फजिती सांगून टाकतें, म्हणजे पुढें उपदेश करतांना मला संकोच वाटणार नाहीं.

२०१९ सालच्या जुलै महिन्यांत एका रात्रीं माझा भाचा पावसांत भिजून आमच्याकडे आला. अंगांतलें नवें काळें जाकीट त्यानें काढलें आणि खुर्चीच्या पाठीवर टाकलें. त्याच पाठीवर माझ्या आईची शाल होती. लोंकरीची, सायीच्या रंगाची, तिच्या साठीला वडिलांनीं आणलेली. आई जाऊन तेव्हां चार वर्षें झालीं होतीं. सकाळीं जाकीट उचललें, तों शालीवर तळहाताएवढा काळपट जांभळा डाग! भाचा बिचारा ओशाळला. "मावशी, मी धुवून देतों," असें म्हणूं लागला. मीं त्याला बाजूस सारलें. तीस वर्षें मुलींना रसायनशास्त्र शिकविलेल्या बाईनें डाग काढण्यासाठीं भाच्याची मदत कां घ्यावी? रंगाच्या डागाला शिरका चांगला, असें कोठेंतरी ऐकलें होतें. म्हणून कढत पाण्यांत शिरका घालून शाल त्यांत बुडविली आणि अर्धा तास तशीच ठेवली. बाहेर काढली तेव्हां डाग फिका झाला नव्हताच. उलट त्याचे कांठ पसरले होते आणि सबंध शालीला करडी झांक आली होती.

मीं काय केलें होतें हें समजण्यासाठीं चामडें कसें तयार होतें तें थोडें पाहिलें पाहिजे.

जनावराचें कातडें म्हणजे कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे असंख्य सूक्ष्म तंतु एकमेकांत गुंतून झालेलें एक दाट जाळें होय. तें ओलें ठेवलें तर कुजतें आणि नुसतें वाळविलें तर फळीसारखें ताठ होतें. म्हणून तें कमावावें लागतें. आपल्याकडील जुनी रीत बाभळीच्या सालीची आणि हिरड्याची. कोल्हापुरी वहाणा पावसांत भिजल्या म्हणजे पाय तांबूस पिंवळे होतात, तो प्रताप या साल-हिरड्यांतील तुरट द्रव्याचा असतो. अंगावर घालावयाचें मऊ चामडें मात्र बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनीं कमावलेलें असतें. जर्मनींत फ्रीडरिश क्नाप यानें १८५८ सालीं या रीतीचें वर्णन केलें, आणि १८८४ सालीं ऑगस्टस शुल्ट्झ यानें अमेरिकेंत पेटंट घेतल्यावर ती कारखान्यांत रुळली. जुन्या रीतीला आठवडे आणि महिने लागत, तें काम नव्या रीतीनें थोड्या दिवसांत होऊं लागलें.

क्रोमनें कमावलेलें कातडें फिकट निळ्या रंगाचें निघतें. त्याला काळा किंवा तपकिरी रंग निराळा द्यावा लागतो. मोठ्या फिरत्या पिंपांत ऊन पाणी, रंग आणि कातडीं एकत्र घुसळतात, आणि शेवटीं त्यांत फॉर्मिक आम्ल सोडतात. हें आम्ल मुंगीच्या दंशांत असतें, तेंच. रंगाच्या रेणूंवर ऋण विद्युद्भार असतो. आम्ल पडलें कीं कातड्यांतील प्रथिनावर धन भार वाढतो. दोघे एकमेकांस धरतात आणि रंग बसतो. या जातीच्या रंगांना म्हणूनच आम्लरंग म्हणतात.

परंतु पिंपांत घातलेला सर्वच रंग असा धरला जात नाहीं. कांहीं रंग तंतूंच्या फटींत नुसता अडकून राहतो. कारखान्यानें शेवटची धुलाई मनापासून केली तर हा मोकळा रंग निघून जातो. घाई केली तर तो जाकिटाबरोबर आपल्या घरीं येतो. गडद काळ्यासाठीं रंग पुष्कळ घालावा लागतो, म्हणून मोकळा रंगही काळ्यांतच अधिक उरतो. पुढें पाऊस किंवा घाम लागला कीं तो विरघळतो, आणि जेथें घर्षण होतें तेथें, म्हणजे मानेशीं, मनगटाशीं, कमरेशीं, शेजारच्या कापडावर उतरतो.

सगळीं जाकिटें सारखींच दोषी नसतात. कांहीं चामड्यांवर रंगकणांचा आणि राळेसारख्या द्रव्याचा पातळ थर देऊन वर पारदर्शक रोगण चढवितात. असें जाकीट हाताला किंचित् गुळगुळीत लागतें आणि त्याचा रंग सहसा उतरत नाहीं. उंची चामड्यावर नैसर्गिक पोत दिसावा म्हणून हा थर फार पातळ ठेवतात किंवा देतच नाहींत. तेव्हां महाग जाकीट रंग सोडणार नाहीं, ही समजूत चुकीची आहे. कित्येकदां गोष्ट नेमकी उलट असते. आणि मखमलीसारखी लव असलेलें जें स्वेड, त्यावर तर कसलेंच रोगण नसतें. लव काढण्यासाठीं तें घांसतात तेव्हां रंगीत भुकटी उडते, आणि तिचा कांहीं अंश लवेंतच बसून राहतो. नव्या स्वेडचा कोरडा डाग पुष्कळ वेळां या भुकटीचा असतो. तो आधीं झटकावा, लगेच पाणी लावूं नये.

आतां माझ्या शालीकडे येतें. लोंकर हें काय आहे? तेंही प्रथिनच. रेशीमही प्रथिनच. कातडें, लोंकर आणि रेशीम हीं तिन्ही प्राण्यांच्या शरीरापासून आलेलीं भावंडें आहेत, आणि जो आम्लरंग एकाला चढतो तो दुसऱ्यालाही चढतो. नायलॉन माणसानें बनविलेलें असलें तरी या बाबतींत तें याच कुळांत बसतें. लोंकर रंगविणारा रंगारी काय करतो? पाण्यांत आम्लरंग घालतो, शिरक्यांतलें आम्ल घालतो आणि पाणी तापवितो. मीं आईच्या शालीला डागमुक्त करावयास निघालें होतें आणि रंगाऱ्याच्या कृतीनें तिला रंगवून बसलें! वर्गांत हेंच समीकरण मीं फळ्यावर कितीदां लिहिलें असेल. पण घरच्या बादलींत तें मला ओळखूं आलें नाहीं.

सुती कापडाची गोष्ट निराळी. कापूस हा सेल्युलोजचा. त्याला आम्लरंगाचें फारसें प्रेम नसतें. सदऱ्याच्या कॉलरवरची छटा म्हणूनच पुष्कळदां साध्या धुण्यानें निघते, आणि त्याच जाकिटानें रेशमी पोलक्यावर पडलेली छटा निघत नाहीं. यासाठीं डाग पडतांच पहिला प्रश्न "डाग कशाचा?" एवढाच न विचारतां "कापड कशाचें?" हाही विचारावा.

कापड कोणतेंही असो, आरंभ थंड पाण्यानें करावा आणि तोही लवकर. डाग घांसूं नये. खालीं पांढरें जुनें फडकें धरून वरून दुसऱ्या ओल्या फडक्यानें टिपावा, आणि रंग येईनासा होईपर्यंत फडकें बदलीत जावें. ऊन पाणी, इस्त्री आणि उष्ण हवेनें कपडे वाळविणारें यंत्र डाग पुरा जाईपर्यंत दूर ठेवावें. शिरका नको. मीठही नको, चामड्याला कधीं कधीं सुताला चढणारे रंगही देतात, आणि अशा रंगांना सुतांत ढकलण्यासाठीं रंगारी मीठच वापरतो.

त्यानंतर वाटा निराळ्या होतात. पांढरें सुती कापड असेल तर साबणाच्या पाण्यांत भिजवून धुवावें, आणि छटा राहिल्यास प्राणवायु सोडणारी विरंजक पूड, जिला सोडियम परकार्बोनेट म्हणतात, ती कोमट पाण्यांत विरघळवून कांहीं तास कापड त्यांत ठेवावें. रंगीत सुतावर ही पूड वापरण्याआधीं आंतल्या शिवणीवर एक थेंब लावून पाहावा. लोंकरीला आणि रेशमाला ही पूड लावूं नये, कारण तिचें पाणी अल्कधर्मी असतें आणि अल्कानें हे तंतु दुबळे होतात. त्यांना थंड पाणी आणि सौम्य साबण एवढेंच घरीं करावें. बाजारांत पांढरे कपडे धुण्यासाठीं मिळणारें क्लोरीनचें पाणी तर लोंकर-रेशमाच्या जवळही आणूं नये. तें या तंतूंना पिंवळें करतें आणि खाऊन टाकतें. शिवाय हें क्लोरीनचें पाणी आणि शिरका किंवा अमोनिया कधींही एकत्र करूं नयेत. त्यांतून विषारी वायु निघतो, आणि न्हाणीघरासारख्या कोंदट जागीं तो जिवावर बेतूं शकतो. हें सांगतांना मी मुळींच अतिशयोक्ति करीत नाहीं.

"पेट्रोल वॉशला दिलें कीं सगळें निघतें," असें पुष्कळ लोक म्हणतात. आम्लरंग पाण्यांत विरघळणारे आहेत; पेट्रोल वॉशमधील द्रव त्यांना सहसा हलवीत नाहीं. चांगला धुलाईवाला अशा डागावर आधीं हातानें वेगळा उपचार करतो. पण डाग चामड्याच्या रंगाचा आहे आणि घरीं अमुक अमुक उपाय करून झाले आहेत, हें त्याला सांगितलें तरच.

कोल्हापुरी वहाणेचा डाग मात्र या कुळांतला नव्हे. त्यांतलें तुरट द्रव्य साबण-सोड्यानें अधिक गडद होतें आणि लोखंडाशीं गांठ पडली तर काळें पडतें. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई अशीच होत असे. त्या डागाचें पांढरें सुती कापड गंजक्या बादलींत भिजवूं नये. थंड पाण्यानें धुवून लिंबाचा रस लावून पाहावा.

आतां जाकिटाकडे वळूं, कारण डाग काढण्यापेक्षां तो न पडूं देणें सोपें आहे. चामड्याची परीक्षा करणारे लोक लोंकरीच्या फेल्टचा चौकोनी तुकडा वजनाखालीं धरून चामड्यावर ठराविक वेळां मागें-पुढें घांसतात. कोरडा, ओला, आणि कृत्रिम घामांत भिजविलेलाही. मग तुकड्यावर उतरलेला रंग पाहून ५ पासून १ पर्यंत गुण देतात. ५ म्हणजे कांहींच उतरलें नाहीं. घरीं इतका थाट नको. लोंकरीचा किंवा सुताचा पांढरा तुकडा घेऊन कॉलरच्या आंतल्या अंगास दहा वेळां घांसावा, प्रथम कोरडा, मग किंचित् ओलसर. दुकानांतच ही परीक्षा केली तर उत्तम. दुकानदार नाक मुरडील, मुरडूं द्यावें.

जाकीट घरीं आल्यावर रंग येत असेल तर ओलसर पांढऱ्या फडक्यानें आंतून-बाहेरून अलगद पुसावें, सावलींत वाळवावें, आणि फडकें स्वच्छ येईपर्यंत चार-पांच दिवस असें करावें. स्वेडला पाणी न लावतां गॅलरींत नेऊन मऊ ब्रशनें झाडावें. कोणी जाकिटावर शिरका शिंपडावयास सांगतात. पिंपांत आम्लानें रंग बसतो हें खरें. पण तेथें ऊन पाणी असतें आणि तासन् तास घुसळण असते. कोरड्या चामड्यावर चार थेंब शिंपडून तें साधेल असें मला वाटत नाहीं, डाग मात्र पडतील. इतकें करूनही रंग थांबला नाहीं तर चामड्याच्या कारागिराकडून वर पारदर्शक रोगण मारून घेतां येतें. चकाकी थोडी बदलते, तेवढें सोसावें. तोंवर आंत गडद सुती सदरा घालावा, आणि भिजलेलें जाकीट दुसऱ्या कपड्यांवर टाकूं नये. कपाटांत तें सुती खोळींत ठेवावें. प्लॅस्टिकच्या पिशवींत ओल कोंडते, आणि आपल्या पावसाळ्यांत रंगाआधीं बुरशीच येते.

शालीचा डाग दोन धुलाईवाल्यांनीं हात टेकल्यावर तसाच राहिला. शेवटीं एका रंगाऱ्याकडून ती सबंध शाल गडद जांभळी रंगवून घेतली. त्यानें ऊन पाणी घेतलें, आम्ल घातलें, आणि काम चोख केलें. उजेडांत धरली तर डागाची जागा अजून कळते. भाचा आमच्याकडे आला म्हणजे जाकीट दाराबाहेरच्या खुंटीवर अडकवून मगच आंत येतो.