शुक्रदात्याचा करार आणि अपत्याचा हक्क

आयआयटीत शिकणारा निरोगी शुक्रदाता हवा, मोबदला वीस हजार रुपये, अशी जाहिरात २०१२ च्या आरंभी चेन्नईतील एका अपत्यहीन दांपत्याने इंटरनेटवर दिली होती. बुद्धिमत्ता अशी विकत घेता येते काय, हा प्रश्न त्यातून साहजिकच उभा राहतो. परंतु जन्मणाऱ्या अपत्याचा पिता कायद्याने कोण, हा प्रश्न त्याहून गंभीर आहे.

त्या वेळी या विषयावर स्वतंत्र कायदा नव्हता. सहायक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा २०२१ मध्ये संमत झाला. आता शुक्राणू नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्यावे लागतात. दात्याचे वय २१ ते ५५ असावे लागते, त्याची संसर्गजन्य रोगांसाठी तपासणी होते आणि त्याचे शुक्राणू एकाहून अधिक दांपत्यांना देता येत नाहीत. कलम ३१ नुसार अपत्य उपचार घेणाऱ्या दांपत्याचेच मानले जाते व दात्याचा पालकत्वाचा हक्क संपुष्टात येतो.

हे संरक्षण नोंदणीकृत केंद्राच्या उंबरठ्याआत मिळते. खर्च किंवा गुप्ततेपायी मित्राची वा समाजमाध्यमावरील अनोळखी माणसाची मदत घेणारे त्याबाहेर राहतात. एकल स्त्रीला केंद्राचे दार खुले आहे; अविवाहित व समलिंगी जोडप्यांना जोडपे म्हणून ते बंद आहे.

बाहेर झालेल्या व्यवहारात रोगतपासणीची हमी नसते आणि त्याच दात्याची आणखी किती अपत्ये आहेत, हे कळण्याचा मार्गही नसतो. ‘माझा हक्क नाही, माझी जबाबदारी नाही’ असे मुद्रांकावर लिहून घेतले तरी ते पुरेसे नाही. पोटगीचा हक्क अपत्याचा असतो; दोन प्रौढ सही करून तो सोडून देऊ शकत नाहीत. विवाहबाह्य अपत्यालाही तो हक्क आहे. स्त्री विवाहित असेल तर साक्ष कायदा पतीलाच पिता मानतो. एकल मातेच्या बाबतीत मात्र दात्यावर दायित्व येऊ शकते, तसेच तो उद्या ताब्याचा दावाही करू शकतो.

ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये, मैत्रिणीला शुक्राणू देऊन पुढे मुलीच्या संगोपनातही सहभागी झालेल्या पुरुषाला कायदेशीर पिता ठरवले. आपल्याकडे तिरुचिरापल्लीत दात्याच्या शुक्राणूंद्वारे माता झालेल्या एका स्त्रीच्या अपत्याच्या जन्मदाखल्यात, उपचारांदरम्यान मदत करणाऱ्या परिचिताचेच नाव पिता म्हणून नोंदले गेले. ते वगळून रकाना रिकामा ठेवण्यासाठी २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाला आदेश द्यावा लागला. वैद्यकीय उपचारांनंतर ही स्थिती, तर घरगुती व्यवहारात पुरावा कोठून आणायचा?

अशा व्यवहारांवर केवळ बंदी घातल्याने ते थांबत नाहीत, ते दृष्टीआड होतात. नोंदणीकृत सेवा परवडणारी करणे आणि वगळलेल्या जोडप्यांचा फेरविचार करणे हे एक पाऊल. दुसरे अधिक निकडीचे: जन्म कोणत्याही मार्गाने झालेला असो, अपत्याचे पालक कोण हे कायद्याने स्पष्ट सांगावे. प्रौढांनी निवडलेल्या वाटेचा दंड अपत्याने भरू नये.