भाड्याचें घर : पाया आणि हिशेब



बाळापुरास ज्यांचें जाणें झालें असेल त्यांनीं मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील किल्ला पाहिलाच असेल. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा यानें त्याचें काम सुरू केलें आणि एलिचपूरच्या इस्माईलखान नबाबानें तें १७५७ सालीं पुरें केलें. पावसाळ्यांत किल्ल्यास पाण्याचा वेढा पडतो. तरी विटांचे ते बुरूज अद्यापि उभे आहेत. अशा बांधकामाचें बळ वर दिसत नाहीं, तें जमिनीखालीं असतें. भाड्यानें देण्यासाठीं घर करूं पाहणाऱ्या गृहस्थास मला आज हेंच सांगावयाचें आहे. त्याच्या उद्योगाचाही पाया वर दिसत नाहीं. तो हिशेबाच्या वहींत असतो.

नोकरींतून निवृत्त होतांना जी पुंजी हातीं येते ती एकदांच येते. तिच्यावर म्हातारपणचें औषधपाणी अवलंबून असतें, कधीं मुलीचें शिक्षणही असतें. अशा वेळीं कोणी तरी सुचवितो, "एक घर घेऊन टाका, भाडें घरबसल्या येत राहील." हा सल्ला नेहमींच चुकीचा असतो असें नाहीं. परंतु भाडें म्हणजे उत्पन्न नव्हे. भाड्यांतून जावयाचें तें जाऊन जें उरतें, तेवढेंच उत्पन्न.

आपण एक काल्पनिक उदाहरण घेऊं. घराची किंमत नोंदणीखर्चासह २० लाख रुपये आहे आणि भाडें महिना ६,००० रुपये येतें असें समजा. वर्षाचे ७२,००० झाले. पैकीं एखादा महिना घर रिकामें राहील, त्याचे ६,००० गेले. घरपट्टीचे ४,००० आणि दुरुस्ती व रंगरंगोटीचे ८,००० वजा करा. उरले ५४,०००. वीस लाखांवर हें उत्पन्न शेंकडा पावणेतीनही पडत नाहीं. आतां यांतले १५ लाख रुपये नऊ टक्के व्याजानें वीस वर्षांच्या मुदतीनें कर्जाऊ काढले असतील, तर महिन्याचा हप्ता सुमारें १३,५०० रुपये होतो, म्हणजे वर्षाचे १,६२,०००. घर देतें ५४,००० आणि बँक मागते १,६२,०००. मधले १,०८,००० रुपये दरवर्षीं मालकाच्या खिशांतून जातात. असें घर मालकास पोसत नसून मालकच घराला पोसत असतो.

यावर कोणी म्हणेल, "पण घराची किंमत वाढते ना?" वाढते, पण ती घर विकल्यावरच हातीं येते. दवाखान्याचें बिल आलें त्या महिन्यांत घराची एक खोली तोडून विकतां येत नाहीं. म्हणून वाढीव किमतीला नशिबाचा भाग समजावें आणि हिशेब भाड्याचाच करावा.

मग आरंभ कोठून करावा? माझें उत्तर असें कीं, बाळापुरासारख्या गांवीं पहिलें भाड्याचें घर आपल्याच घराच्या आवारांत करावें. जागा आपलीच आहे. तिची किंमत पुन्हां द्यावी लागत नाहीं. स्वतंत्र दार, न्हाणीघर आणि शौचकूप असलेल्या दोन खोल्यांस ५ लाख रुपये खर्च आला आणि भाडें ४,००० मिळालें असें धरा. वर्षाच्या ४८,००० पैकीं एक महिना रिकामा गेल्याचे ४,०००, पट्टीचे २,००० आणि दुरुस्तीचे ४,००० काढले, तरी ३८,००० उरतात. हें प्रमाण शेंकडा साडेसातांहून अधिक पडतें. शिवाय भाडेकरू डोळ्यांसमोर असतो आणि गळका नळ त्याच दिवशीं दुरुस्त होतो. मात्र नगरपरिषदेची बांधकामाची परवानगी आधीं घ्यावी; आणि वर मजला चढवावयाचा असेल, तर जुन्या भिंती तो भार पेलतील कीं नाहीं हें अभियंत्याकडून पाहून घ्यावें.

या मुलुखाचीं दोन वैशिष्ट्यें आहेत. पहिलें म्हणजे काळी माती. ती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. उथळ पायावर उभ्या केलेल्या भिंतींना थोड्याच वर्षांत तडे जातात आणि भाडें त्या तड्यांत जिरतें. पायाच्या खर्चांत केलेली काटकसर येथें सर्वांत महाग पडते. दुसरें वैशिष्ट्य पाण्याचें. पूर्णेच्या दोहों बाजूंस खारपाणपट्टा पसरलेला आहे आणि बाळापूर तालुक्याचा मोठा भाग त्यांत येतो. तेथें विहिरीचें वा कूपनलिकेचें पाणी खारट लागतें. म्हणून घर पाहतांना आधीं नळाला पाणी किती दिवसांनीं येतें व टाकी केवढी आहे तें विचारावें. फरशीचा रंग मागाहून पाहावा. नदीकांठची जागा असेल तर पूररेषाही तपासावी.

कागदपत्रांविषयीं थोडें बोलतों. मिळकत पत्रिका, कर आकारणीचा उतारा आणि जमीन अकृषिक असल्याचा दाखला हे कागद प्रत्यक्ष पाहिल्याविना बयाणा देऊं नये. नागपूर आणि अमरावती विभागांतील शहरांत नझूल जमीन असते. ती मूळची सरकारी असून पट्ट्यानें दिलेली असते. तिच्यावरील घर घेणाऱ्यानें पट्ट्याची मुदत आणि शर्ती आधीं वाचाव्या.

आपल्याकडील वडीलधाऱ्यांच्या तोंडीं "घर भाड्यानें दिलें कीं गेलें" असे शब्द ऐकूं येतात. ही भीति निराधार नव्हती. मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९४९ सालीं भाडेनियंत्रणाचा हुकूम निघाला. तो ज्या शहरांस लागू होता तेथें भाडेनियंत्रकाच्या परवानगीवांचून मालकास भाडेकरार संपविण्याची नोटीस देतां येत नसे, आणि घर रिकामें झालें कीं तें जिल्हाधिकाऱ्यास कळवावें लागे. घरटंचाईच्या काळांत गरीब भाडेकरूस त्याचें संरक्षण मिळालें, हें खरेंच. पण भाडें गोठल्यानें दुरुस्ती थांबली आणि अनेक वाडे मोडकळीस आले, हेंही तितकेंच खरें. पुढें महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलांत येऊन त्यानें त्या जुन्या व्यवस्थेची जागा घेतली. त्याप्रमाणें भाड्याचा करार लेखी असून नोंदलेला असला पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल, तर शर्तींविषयीं भाडेकरू जें म्हणेल तें, उलट सिद्ध होईपर्यंत, खरें धरलें जातें. म्हणून शेजारधर्म कितीही असो, कागद करावाच. अनामत रकमेचा त्यांत उल्लेख असावा आणि भाड्याची पावती दरमहा द्यावी. आयकरांतही एक सवलत आहे. मालकानें भरलेली घरपट्टी भाड्यांतून वजा केल्यावर जी रक्कम उरते, तिच्या तीस टक्के सूट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीचा खर्च त्याहून कमी झाला असला तरी ती मिळतेच.

आतां भाडेकरू. बाळापूर हें तालुक्याचें ठिकाण आहे. कचेरी, शाळा आणि बँका येथें आहेत. जवळच पारस येथें अडीचशे मेगावॅटच्या दोन संचांचें औष्णिक वीजकेंद्र आहे. अशा ठिकाणीं बदलून येणाऱ्या कुटुंबांस नीटनेटकें घर हवें असतें. भाडेकरू निवडतांना पूर्वीच्या घरमालकाकडे चौकशी करावी. त्याचें भाडें वेळेवर येत होतें का आणि वागणूक कशी होती, एवढेंच पाहावें. जात वा धर्म पाहून दार बंद करणारा मालक माणुसकीस मुकतोच, शिवाय चांगल्या भाडेकरूसही मुकतो. आणि मिळालेला चांगला माणूस सांभाळावा. चार हजारांच्या जागीं साडेचार हजारांचा हट्ट धरल्यास वर्षास ६,००० अधिक मिळतील. पण तो उठून गेला आणि घर दोन महिने रिकामें राहिलें, तर ८,००० बुडतील.

वाढ कशी करावी, हा शेवटचा प्रश्न. जुना शेतकरी पेरणीसाठीं राखलेली ज्वारी उपाशी पोटींही दळीत नसे. भाड्याची शिल्लक अशीच निराळ्या खात्यांत ठेवावी. वर सांगितलेल्या हिशेबानें पांच वर्षांत १,९०,००० रुपये सांठतात. त्यांतला कांहीं भाग मोठ्या दुरुस्तीसाठीं राखून उरलेल्यांत बचतीची भर घालावी आणि मगच तिसरी खोली बांधावी. आवार पुरेनासें झालें म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटरांवरील अकोल्याचा विचार करावा. तेथें १९६९ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि विद्यार्थ्यांना खोल्या लागतात. तरी दोन नियम विसरूं नयेत. जेथें सकाळीं जाऊन संध्याकाळीं परततां येणार नाहीं तेथें घर घेऊं नये. आणि खर्च जाऊन उरणाऱ्या भाड्यांत हप्ता भागत नसेल, तर कर्ज काढूं नये.

असा मनुष्य पंधरा वर्षांत कदाचित् तीन-चारच बिऱ्हाडांचा मालक होईल. शेजारच्याचीं तेवढ्या काळांत सहा घरें झालेलीं दिसतील. परंतु त्या सहांवर कर्ज किती आहे हें रस्त्यावरून दिसत नाहीं. आपल्या खोल्यांतून येणारा पैसा आपलाच असेल, आणि आजारपणाच्या महिन्यांतही तो येत राहील. म्हातारपणीं घराकडून माणसास याहून अधिक काय हवें असतें?