जुना जपानी ट्रॅक्टर आणि सुट्या भागांचा प्रश्न
अमेरिकेत जपानहून आलेले जुने छोटे ट्रॅक्टर स्वस्तात मिळतात. त्यांची इंजिने टिकाऊ असतात, हा समर्थकांचा दावा बऱ्याच अंशी खरा आहे. पण जपानी शेतासाठी बनलेल्या या यंत्रांचे काही भाग अमेरिकी मॉडेलांना जुळत नाहीत, सूचनाही जपानीत. नाव तेच, माल वेगळा, या मुद्द्यावर जपानी ट्रॅक्टर कंपनी कुबोटाने तक्रार केली. अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने १९९७ मध्ये कुबोटाच्या अशा अनेक जुन्या मॉडेलांची आयात रोखली आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. कंपनीचा स्वार्थ त्यात होताच, तरी ग्राहकाची अडचण खोटी ठरत नाही. यानमार या दुसऱ्या जपानी कंपनीने अमेरिकी कंपनी जॉन डीअरसाठी ट्रॅक्टर बनवल्यामुळे तिच्या यंत्रांचे काही भाग मिळतात, सगळे नव्हे. ऐन हंगामात एका सीलसाठी उत्तम इंजिनही शेडमध्ये अडकते. म्हणून सौद्याआधी मॉडेल क्रमांक सांगून क्लच प्लेट कोण देईल, हे विचारावे.