सर्वांत हळू मोटरसायकल आणि रोजचा अर्धा तास

नोव्हाय हे नाव मोटरशर्यतींच्या जगात एकेकाळी गाजलं ते वेगामुळे. इथल्या ल्यू वेल्च या कारखानदाराने इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरवलेल्या गाड्यांना गावाचंच नाव होतं. सुपरचार्ज केलेलं आठ सिलिंडरचं इंजिन आणि कानठळ्या बसवणारा आवाज ही त्यांची ओळख. १९४६ साली राल्फ हेपबर्नने अशाच एका गाडीत पात्रता फेरीचा वेगविक्रम केला. ती शर्यत मात्र या गाड्यांना कधीच जिंकता आली नाही.

आज ज्या गाडीबद्दल लिहितोय, ती याच्या अगदी उलट टोकाला आहे. तिला सीट नाही. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. वजन सत्तर किलोच्या आसपास, म्हणजे स्प्लेंडरहून चाळीसेक किलोंनी कमी. आणि तिच्या स्पर्धेत पहिला कोण पोहोचला याला महत्त्वच नसतं. ही ट्रायल्स बाईक.

पाय टेकला की गुण

ट्रायल्समध्ये दगड, ओढे, ओंडके, चढ अशा अवघड जागी फिती लावून छोटे छोटे टप्पे आखतात. टप्पा पार करताना पाय जमिनीला एकदा टेकला तर एक गुण, दोनदा टेकला तर दोन, त्याहून जास्त वेळा टेकला तर तीन. पडलात किंवा फितीबाहेर गेलात तर पाच. हे सगळे दंडाचे गुण, त्यामुळे ज्याचे कमी तो जिंकला.

खेळ जुना आहे. स्कॉटलंडमधल्या सहा दिवसांच्या ट्रायलची परंपरा १९०९ पर्यंत मागे जाते. १९६५ मध्ये सॅमी मिलरने बुल्टाको या स्पॅनिश कंपनीच्या हलक्या गाडीवर ती स्पर्धा जिंकली आणि जुन्या, जड ब्रिटिश गाड्यांचे दिवस भरले. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाचा बर्नी श्रायबर जगज्जेता झाला. त्याच्यानंतर एकाही अमेरिकन स्वाराला हे जमलेलं नाही. स्पेनच्या टोनी बोऊने तर २००७ पासून मैदानी आणि बंदिस्त असं दोन्हीकडचं विजेतेपद वर्षानुवर्षं आपल्याकडेच ठेवलं.

आपण जगज्जेते होणार नाही आहोत. आपल्याला सकाळी ऑफिस आहे, संध्याकाळी मुलांचं सॉकर आहे, रात्री भारतातल्या टीमबरोबर कॉल आहे. मग प्रश्न असा, की एवढ्या सगळ्यातून हा छंद टिकवता येतो का? माझं उत्तर 'हो' असं आहे, आणि त्यामागे विज्ञान आहे. पण आधी गाडी समजून घेऊ.

टायरमध्ये हवा इतकी कमी का?

रस्त्यावरच्या मोटरसायकलच्या मागच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय हवा असते. ट्रायल्सच्या मागच्या टायरमध्ये असते चार-साडेचार. पुण्यात कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, "अहो, पंक्चर काढून घ्या!"

साधा हिशोब करू. समजा, मागच्या चाकावर ७५ किलो भार आहे, म्हणजे सुमारे ७३५ न्यूटन. साडेचार पीएसआय म्हणजे ३१ किलोपास्कल. बलाला दाबाने भागलं की क्षेत्रफळ मिळतं: सुमारे २३७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे पसरलेल्या पंजाएवढं. ३० पीएसआयला हेच ३५ चौरस सेंटिमीटर होतं, दोन काडेपेट्यांएवढं. टायरचं रबर आणि त्यातले धागेही थोडा भार उचलतात, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक याहून कमी असतो. तरी मुद्दा तोच. मऊ टायर दगडाच्या उंचसखलपणाला लपेटून घेतो आणि त्याच्या कडांना धरून वर चढतो.

शाळेत आपण शिकलो होतो, की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबराला तो नियम नीट लागू पडत नाही. ते दगडाच्या बारीक खाचांमध्ये शिरतं, आणि तिथेच पकड मिळते.

आता यात मिशिगनचा हिवाळा घाला. उबदार गॅरेजमध्ये २० अंश सेल्सियसला तुम्ही साडेचार पीएसआय हवा भरली आणि बाहेर शून्य अंशात गेलात. वायूचा नियम लागतो एकूण दाबाला, म्हणजे वातावरणाचा १४.७ आणि टायरमधला ४.५ मिळून १९.२ पीएसआयला. तो २७३ भागिले २९३ या प्रमाणात उतरून १७.९ होतो. त्यातून वातावरणाचा दाब वजा केला की गेजवर उरतात जेमतेम ३.२. म्हणजे गेजवरची पाव हिश्श्याहून जास्त हवा काही न करता गेली! कारच्या ३५ पीएसआयच्या टायरमध्ये हीच घट दहा टक्क्यांच्या आत राहते. म्हणून ट्रायल्ससाठी कमी दाब मोजणारा वेगळा गेज घ्यावा आणि हवा बाहेरच्या थंडीत, गाडी चालवण्याआधी बघावी. एवढ्या कमी हवेत टायर रिमवरून निसटू शकतो, किंवा दगडावर आपटून रिमला पोचा येऊ शकतो.

हळू चालवणं अवघड का?

वेगात असलेली दुचाकी बरंचसं स्वतःच सावरते. ती डावीकडे कलली की पुढचं चाक आपोआप डावीकडे वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. हे फक्त चाकांच्या भोवऱ्यासारख्या फिरण्यामुळे होतं असं अनेक वर्षं सांगितलं जायचं. २०११ मध्ये नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि अमेरिकेतलं कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी एक खास सायकल बनवली. तिच्यात तो परिणाम रद्द केला होता, आणि पुढच्या चाकाच्या मागे ओढलं जाण्याचाही. तरीही ती स्वतःला सावरत चालली. म्हणजे वजनाची मांडणीही महत्त्वाची असते.

पण यातलं काहीही घडायला गती लागते. गाडी जागेवर उभी असली की सावरण्याची सगळी जबाबदारी तुमच्यावर. ट्रायल्सवाले हँडल पूर्ण एका बाजूला वळवून उभे राहतात. चाक वळलेलं असताना गाडी बोटभर पुढे-मागे झाली, की टायर टेकलेली जागा बाजूला सरकते आणि तोल परत मिळतो. त्यात गुडघे आणि कंबर यांची हालचाल मिसळते. हे वाचून येत नाही. मेंदूला सवयच व्हावी लागते.

टपाल खात्याचा धडा

आता वेळेच्या प्रश्नाकडे. बहुतेक नोकरदार ठरवतात, की शनिवारी सलग चार तास सराव करू. मग एका शनिवारी पाऊस, दुसऱ्या शनिवारी मंडळाचा कार्यक्रम, तिसऱ्या शनिवारी पाहुणे. दोन महिन्यांत गाडीवर खोकी रचली जातात.

१९७८ मध्ये अॅलन बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना नवा कीबोर्ड शिकायचा होता. काहींना रोज एक तास शिकवलं, काहींना रोज दोन तास, काहींना रोज चार तास. एकूण तास मोजले तर रोज एकच तास शिकणारा गट सर्वांत कमी तासांत तयार झाला. गंमत पुढे आहे. आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज होता तोही हाच गट, कारण कॅलेंडरवर त्यांना जास्त दिवस लागत होते.

म्हणजे रोज थोडा वेळ देणं ही नोकरदाराची नाइलाजाने केलेली तडजोड नाही, शिकण्याची तीच चांगली पद्धत आहे. पण त्यात प्रगती जाणवत नाही आणि माणूस सोडून देतो. यावर माझा उपाय प्रयोगशाळेतला आहे: वही. आज पाय न टेकता किती सेकंद उभं राहता आलं, एवढाच आकडा लिहायचा. रोज न दिसणारी वाढ महिन्याची पानं चाळली की दिसते.

दुसरा धडा १९७९ च्या शे आणि मॉर्गन यांच्या प्रयोगातला. एकच हालचाल ओळीने घोकणाऱ्यांपेक्षा तीन वेगवेगळ्या हालचाली उलटसुलट क्रमाने करणारे सरावात मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत पुढे होते. म्हणून दहा मिनिटं फक्त डावं वळण घेण्यापेक्षा डावं, उजवं आणि जागेवर उभं राहणं मिसळून करा.

यातला बराच सराव इंजिन बंद ठेवून गॅरेजमध्ये होतो. शेजारी आणि घरमालकांची सोसायटी, दोघंही खूश. बंद गॅरेजमध्ये इंजिन मात्र मिनिटभरही सुरू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

देखभालही हप्त्यांनी

हेच सूत्र गाडीच्या निगेला लागू पडतं. आठवडा असा विभागता येतो:

• सोमवार: गाडी धुणं. प्रेशर वॉशरचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ग्रीस निघून जातं.
• मंगळवार: एअर फिल्टर. फोम धुऊन, वाळवून, फिल्टरचं तेल लावायचं. इथल्या वाळूत क्वार्ट्झ भरपूर असतं, आणि त्याचा कण पिस्टनच्या अॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. आत गेला तर पॉलिश पेपरचं काम करतो.
• बुधवार: चेनचा ताण आणि तेल. तेलाचा थेंब ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका.
• गुरुवार: स्पोक, नटबोल्ट, ब्रेक आणि क्लचचं ऑइल.
• शुक्रवार: पेट्रोलचं मिश्रण. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर प्रमाण मॅन्युअलमध्ये बघा. ८०:१ असेल तर एका लिटरला साडेबारा मिलिलिटर ऑइल.

प्रत्येक काम पंधरा-वीस मिनिटांचं. शनिवारी गाडी तयार असते. मनगटाला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी तेवढी दर वेळी ओढून तपासा. गाडी हातातून सुटली तर तीच तुम्हाला आणि समोरच्याला वाचवते.

हिवाळ्यात दोन गोष्टी जास्तीच्या. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा शोषतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा. दुसरं, ३० अंशांपेक्षा शून्य अंशाची हवा सुमारे ११ टक्के दाट असते. उन्हाळ्यात बसवलेल्या जेटला तेव्हा पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन अडखळतं. इंजिन बिघडलं असं समजून ते उघडण्याआधी जेटिंग बघा.

जायचं कुठे?

आपल्या भागात दगडांची कमी नाही. हिमयुगातल्या बर्फाने कॅनडाकडून ग्रॅनाइट आणि नाइसचे धोंडे ढकलत आणून दक्षिण मिशिगनभर पसरले. प्रवासात ते घासून गोल झाले. सह्याद्रीच्या फुटलेल्या, धारदार बेसॉल्टवर टायरला कड मिळते. या गोल धोंड्यांवर ओलं असताना काहीच मिळत नाही, म्हणून शिकायला ते उत्तम.

ओकलंड काउंटीतलंच होली ओक्स पार्क वाळू-खडीच्या जुन्या खाणींच्या जागेवर २०२० मध्ये सुरू झालं. राज्याचा ओआरव्ही परवाना लागतो, आणि त्याचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. मिशिगन ऑन्टारियो ट्रायल्स असोसिएशनच्या स्पर्धांत नवख्यांसाठी सोपे टप्पे असतात. आधी नुसतं बघायला जा. साठी ओलांडलेले स्वार पाय न टेकता धोंडे ओलांडताना दिसतील. अर्धा-अर्धा तास वर्षानुवर्षं साठला की काय होतं, याचं त्याहून चांगलं प्रात्यक्षिक मला माहीत नाही.

गाडी नंतर घेतली तरी चालेल. हेल्मेट, बूट आणि वही मात्र आधी घ्या.