दुधाच्या दाताला मार लागला तर



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवे आणि खतांचे हप्ते यांविषयी लिहितो. या खेपेस दातांचा विषय घेतला म्हणून कुणी हसू नये. लागणीच्या नोंदी घेत गटातून फिरताना घरची दुखणीही आमच्या कानावर येतात. लहान पोराच्या पुढच्या दाताला लागले ही त्यातली नेहमीची तक्रार, आणि तिच्यावर बहुतेक घरी उत्तरही एकच: "दुधाचा दात, पडायचाच होता. त्यात काय एवढं?" हे उत्तर निम्मेच खरे आहे.

दुधाचे दात एकूण 20. पोरगं चालायला, पळायला लागते त्या दीड ते तीन वर्षांच्या वयात उंबरठा, ओट्याची कड, ट्रॉलीचा हुक यांवर आपटून मार बसतो तो बहुधा वरच्या पुढच्या दोन दातांना. या दातांच्या मुळामागे, टाळूच्या अंगाला, हाडात कायमच्या दाताचा कोंब असतो. दोघांत हाडाचा पातळ पडदा तेवढा. कोंबावरचे कठीण आवरण बाळ तीन-चार महिन्यांचे झाल्यापासून भरू लागते आणि ते काम चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत चालते. त्यामुळे दुधाच्या दाताला बसलेला मार कोंबापर्यंत पोचू शकतो, आणि वय जितके कमी तितका धोका जास्त. आपल्या उसात खोडकिडीने एक कोंब मेला तर फुटवे येऊन जागा भरते. दाताला फुटवा नाही.

आमच्या गटातल्या एका सभासदाची नात दोन वर्षांची असताना हौदाच्या काठावर पडली. वरचा दात हिरडीत आत गेला, दिसेनासा झाला. घरच्यांना वाटले पडून गेला. सहा-सात महिन्यांत तो आपोआप खाली आला, सगळे निर्धास्त झाले. आठव्या वर्षी त्या जागी कायमचा दात आला तो तपकिरी डाग आणि खळगा घेऊन. आता पोरगी हसताना तोंडावर हात धरते. आत घुसलेला दात पुष्कळदा असा परत खाली येतो हे खरे, पण मागच्या कोंबाला सर्वात जास्त इजा होते ती याच प्रकारात आणि दात मुळासकट निखळतो त्यात. पांढरे-पिवळे डाग, आवरणात खड्डे, क्वचित दात किंवा मूळच वाकडे वाढणे, असे परिणाम पुढे दिसतात. झालेली इजा पुसता येत नाही, पण लक्ष ठेवले तर तिच्यात पू होऊन आणखी भर पडणे टाळता येते.

दात काही आठवड्यांनी करडा किंवा काळपट पडला की घरचे घाबरतात. नुसता रंग बदलला म्हणून दात काढण्याची गरज नसते. पिवळसर झाला तर बहुधा आतली पोकळी भरत आलेली असते, तेही घाबरण्यासारखे नाही. मात्र दाताच्या वर हिरडीवर पुळी आली, पू आला, तोंड सुजले किंवा दात पुन्हा हलू लागला तर दोन दिवसही थांबू नये.

पडल्याबरोबर काय करावे? पोर बेशुद्ध झाले, झोपाळले किंवा ओकू लागले तर दात राहू द्या, आधी डॉक्टरकडे न्या. एरवी स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे. हिरडीला मिशरी चोळू नये. तो तंबाखू आहे. दात सापडत नसेल तर तो आत घुसला, गिळला की श्वासनळीत गेला हे डॉक्टरांना पाहू द्यावे. पोर खोकत असेल तर लगेच. ओठ फाटला असेल तर दाताचा तुकडा ओठात अडकला आहे का तेही पाहावे. दात सरकून तोंड नीट मिटत नसेल तर त्याच दिवशी जावे. पुढे आठ-दहा दिवस मऊ भात, खिचडी द्यावी, आणि ऊस सोलून हातात देऊ नये (आमच्याकडे हे सांगावेच लागते). मऊ ब्रशने दात मात्र रोज घासावेत.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. निखळलेला दुधाचा दात परत जागेवर बसवू नये, त्याने कोंबाला इजा होते. पण सहा-सात वर्षांपुढच्या मुलाचा कायमचा दात निखळला तर उलटे करायचे. मुळाला हात न लावता उचलावा, माती लागली असल्यास पाण्यात विसळावा, शक्य तर जागेवर बसवावा, नाही तर दुधात टाकून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोचावे. जितके लवकर तितके बरे.

तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या वारी असतात ते आधीच विचारून ठेवावे. 2013 साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. त्या पथकाला जुना मार आवर्जून सांगावा.

वरचे पुढचे कायमचे दात सात ते आठ वर्षांच्या दरम्यान येतात. दुधाचा दात फार लवकर गेला असेल तर हिरडी घट्ट होऊन वर्षभर उशीरही लागतो. पण एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि मार लागलेल्या बाजूचा आला नाही, तर फोटो काढून घ्यावा. तेव्हा डॉक्टर पहिले विचारतील ते पोर पडले कधी आणि किती वर्षांचे होते हे. लागणीची तारीख आपण डायरीत लिहितो, तिथेच हीही लिहून ठेवावी.